चांगले काय, हे कोणी सांगावे?

१. रोजचा प्रश्न

“एखादे चांगले पुस्तक सांगा ना.” ग्रंथालयाच्या देवघेव खिडकीशी हा प्रश्न रोज विचारला जातो. कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिराचा आरंभ १८५० सालचा. अशा ठिकाणी तर वाचकांच्या कित्येक पिढ्यांनी तो विचारलेला असणार. पुस्तकाच्या जागी कधी नाटक असते, कधी गाण्याची मैफल, कधी चित्रपट, कधी चपलांचा जोड किंवा दागिना. विचारणाऱ्याला एवढेच हवे असते की कोणीतरी जाणत्याने निवडून द्यावे, म्हणजे आपला वेळ आणि पैसा फुकट जाणार नाही.

उत्तर मात्र अनेकदा फसते. मित्राने डोक्यावर घेतलेली कादंबरी तिसाव्या पानावर हातातून गळते. दिग्गज म्हणून ऐकलेला गवई समजत नाही. मग माणूस एक तर मित्राच्या आवडीला नावे ठेवतो किंवा स्वतःच्या अकलेला. बहुतेक वेळा दोष दोघांचाही नसतो. शिफारस अर्धवट झालेली असते.

शिफारस आणि परीक्षण यांत फरक आहे. परीक्षण सगळ्यांसाठी लिहिलेले असते. कलाकृतीचे गुणदोष तोलून त्यात निवाडा दिलेला असतो. शिफारस एका माणसाने दुसऱ्या माणसाला केलेली असते. निवाडा तिच्यात असतोच, शिवाय ऐकणाऱ्याची ओळख असते आणि सांगणाऱ्याने घेतलेली थोडी जबाबदारीही असते. कोल्हापूरला कलानगरी म्हणतात. तिथल्या गेल्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात असे टाकलेले शब्द जागोजागी सापडतात, म्हणून हा विषय समजून घ्यायला हे शहर सोयीचे आहे.

२. कोणासाठी?

कोल्हापुरात नवखा पाहुणा विचारतो, “मिसळ कुठली खावी?” जाणता कोल्हापूरकर लगेच दुकानाचे नाव घेत नाही. “तिखट किती चालतं?” हे तो आधी विचारतो. ज्याला झणझणीत कट वाटीवाटीने लागतो त्याला एक पत्ता, ज्याच्या डोळ्यांतून पहिल्याच घासाला पाणी येते त्याला दुसरा. मिसळ दोन्हीकडे उत्तमच असते. बदलतो तो खाणारा.

पुस्तकाचेही असेच आहे. समजा, एका वाचक मुलीने वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ संपवली आणि “आता पुढे काय?” असे विचारले. खांडेकर १९३८ पासून कोल्हापुरात राहिले. १९५९ साली आलेल्या या कादंबरीला पुढे १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. पण पुढचे पुस्तक सुचवताना ही माहिती उपयोगी पडत नाही. तिला ‘ययाति’मध्ये नेमके काय भावले, ते आधी समजले पाहिजे.

ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू स्वतःच्या तोंडून सांगतात, ही रचना तिला आवडली असेल, तर शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ द्यावी. तिथेही कर्ण, कुंती, दुर्योधन आपापल्या परीने कथा सांगतात. सावंत मूळचे आजऱ्याचे, कोल्हापुरात शिक्षक होते. महाभारतातल्या माणसांविषयी प्रश्न विचारणे तिला रुचले असेल, तर इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ बरे. ती कादंबरी नव्हे, लेखसंग्रह आहे आणि त्यात भावनेला फारशी सवलत नाही. हे आधीच सांगून ठेवावे. खांडेकरांची भाषा आणि जीवनाविषयीचे चिंतन तिला ओढत असेल, तर त्यांचीच ‘अमृतवेल’. आणि ‘ययाति’ फार अलंकारिक वाटली म्हणून अर्ध्यावर सोडली असेल, तर आनंद यादवांची ‘झोंबी’. कागलच्या एका शेतकरी घरातल्या मुलाची शिकण्यासाठीची झुंज त्यात आहे, तीही त्या मातीच्या बोलीत.

एकाच पुस्तकापासून चार वाटा निघाल्या, आणि त्यांतली बरोबर वाट एका उलटप्रश्नाने सापडते. “तुला काय आवडते?” असे मोघम विचारून ती सापडत नाही, कारण आपल्याला काय आवडते हे माणसाला सहसा शब्दांत सांगता येत नाही. “शेवटचे आवडलेले पुस्तक कोणते, आणि त्यातले काय लक्षात राहिले?” हा प्रश्न सोपा असतो. तीन वाक्यांत वाचक स्वतःची ओळख करून देतो.

३. नेमके काय?

सुचवणाऱ्याचे दुसरे काम म्हणजे कलाकृतीत कुठे लक्ष द्यायचे ते सांगणे. अवघड कलेच्या बाबतीत याच्यावाचून शिफारस निरुपयोगी ठरते. जयपूर-अत्रौली घराण्याचे गाणे हे याचे उत्तम उदाहरण.

या घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादिया खाँ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोल्हापूर दरबारी आले आणि राजर्षी शाहू महाराज १९२२ मध्ये जाईपर्यंत कोल्हापूर हेच त्यांचे ठिकाण होते. भास्करबुवा बखले, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर हे त्यांचे शिष्य. आज कोणी नवख्याला “अल्लादिया खाँसाहेबांच्या घराण्याचे गाणे ऐक, थोर आहे” एवढेच सांगितले, तर तो ऐकायला बसेल आणि दहा मिनिटांत चुळबुळ करू लागेल. या गायकीत तालाच्या प्रत्येक मात्रेत स्वर विणलेले असतात, तान सरळ न जाता वळसे घेते आणि राग पुष्कळदा अनवट, म्हणजे क्वचित गायले जाणारे, असतात. कानाला धरायला काही सापडत नाही.

त्यालाच असे सांगून पाहावे. आधी किशोरी आमोणकरांचा भूप ऐक. किशोरीताई मोगूबाईंच्या कन्या. भूपात पाचच स्वर आहेत: सा, रे, ग, प, ध. म आणि नी यांत नाहीत. पाच स्वरांचे अंगण लहान असते, त्यामुळे गाणारा कुठे जातो आणि कुठून परत येतो, हे नवख्यालाही दिसते. पहिल्यांदा ऐकताना एवढेच कर: तबल्याची सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे येते ते बोटांवर धर. तीनतालात सोळा मात्रा झाल्या की ती पुन्हा येते. गायिका मध्ये कितीही लांब फिरून आली, तरी बंदिशीचा मुखडा घेऊन नेमकी त्या जागी उतरते. दोन-तीन आवर्तने हे पाहिलेस की पुढे ती कशी उतरणार याची वाट बघू लागशील, आणि गाणे तिथून सुरू होईल. भूप ओळखीचा झाला की मग मल्लिकार्जुन मन्सुरांचा बसंती केदार. त्यात बसंत आणि केदार असे दोन राग एकत्र नांदतात; एकातून दुसऱ्यात जाण्याची जागा शोधत बस.

या सांगण्यात “थोर”, “अप्रतिम”, “स्वर्गीय” यांपैकी एकही शब्द आलेला नाही. विशेषणातून सांगणारा किती भारावला आहे तेवढे कळते; कान कुठे लावायचा ते कळत नाही. चांगली शिफारस विशेषणांत काटकसर करते आणि नामा-क्रियापदांवर खर्च करते. क्रमही महत्त्वाचा आहे. आधी पाच स्वर, मग जोडराग. हाच क्रम उलटा केला तर तेच दोन गायक त्याच श्रोत्याला कायमचे परके होऊ शकतात.

याच घराण्याच्या गाण्याची एक शिफारस पृथ्वीच्या पलीकडे गेली आहे. १९७७ मध्ये अमेरिकेने सोडलेल्या दोन व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक ध्वनिमुद्रिका बसवलेली आहे. यान कधी कुठल्या बुद्धिमान जीवांच्या हाती लागले, तर पृथ्वीवरचे लोक कसे होते ते त्यांना कळावे, हा हेतू. कार्ल सेगन यांच्या गटाला जगभरातून संगीताच्या जेमतेम सत्तावीस मुद्रणांना जागा होती. भारतीय संगीतातून काय घ्यावे हे सुचवले ते रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकाने. त्यांनी केसरबाई केरकरांच्या भैरवीचे नाव दिले. ती ध्वनिमुद्रिका तेव्हा बाजारात मिळत नव्हती. न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात शोध घेतल्यावर तिच्या प्रती सापडल्या. सोपा पर्याय समोर असताना गटाने ही धडपड केली, याचे कारण ब्राउन यांचा आग्रह नेमका होता. “भारतीय शास्त्रीय संगीतातले काहीतरी” असे त्यांनी म्हटले असते, तर दुकानात सहज मिळणारी कोणतीही तबकडी गेली असती. त्यांनी गायिका, राग आणि मुद्रण, तिन्ही सांगितली.

४. माणसासाठी टाकलेला शब्द

पुस्तक सुचवले आणि ते आवडले नाही, तर एक संध्याकाळ वाया जाते. माणूस सुचवला आणि तो अपुरा पडला, तर सांगणाऱ्याची पत जाते. म्हणून कलावंतासाठी टाकलेला शब्द सर्वांत जड. कोल्हापूरच्या कलेचा इतिहास अशाच शब्दांवर उभा आहे, असे म्हणायला हरकत नाही.

कलावंतांना आश्रय देणारी संस्थाने पुष्कळ होती. शाहू महाराजांचे वेगळेपण असे की ते नुसता तनखा बांधून थांबले नाहीत. कलेसाठी जागा बांधल्या. कुस्तीसाठी खासबाग मैदान झाले, नाटकासाठी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर झाले. याच पॅलेस थिएटरला पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव मिळाले. राजा एखाद्या गायकाला ठेवून घेतो, तेव्हा दरबारातल्या आणि गावातल्या सगळ्यांना आपोआप कळते की हे ऐकण्यासारखे आहे. गायन समाज देवल क्लबसारखी संस्था त्याआधीपासून, १८८३ पासून, गावात होतीच. राजाचा शब्द आणि रसिकांची बैठक एकत्र आली, की कान तयार होतात.

राजाशिवायही शब्द टाकणारे होते. बाबूराव पेंटर यांनी स्वतः कॅमेरा बनवून चित्रपट काढायचे ठरवले, तेव्हा त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला भांडवल दिले ते तानीबाई कागलकर या गायिकेने. चित्रपट हा धंदा तेव्हा अगदी कोवळा होता. पडदे रंगवणाऱ्या एका चित्रकाराच्या हातून तो उभा राहील, याची हमी कोणाजवळ नव्हती. तानीबाईंनी शब्दापुढे जाऊन पैसा लावला. १९२० साली कंपनीचा ‘सैरंध्री’ आला आणि लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. टिळकांची पदवीही एक शिफारसच. पण ती काम पाहिल्यानंतरची आहे, तानीबाईंची आधीची. दोन्हींचे मोल आहे, तरी धोका पत्करला तो तानीबाईंनी, आणि या इतिहासात त्यांचे नाव आज घेतले जाते त्यापेक्षा मोठ्याने घेतले गेले पाहिजे.

त्याच कंपनीत बाबूराव पेंढारकर काम करीत. त्यांनी आपल्या मावसभावाला बाबूराव पेंटरांपुढे नेऊन उभे केले. तो मुलगा म्हणजे कोल्हापुरात जन्मलेले शांताराम वणकुद्रे, पुढचे व्ही. शांताराम. नात्यातल्या माणसासाठी टाकलेल्या शब्दाकडे संशयाने पाहिले जाते आणि पुष्कळदा तो संशय योग्यही असतो. तो शब्द खरा की नुसती वशिलेबाजी, हे पुढच्या वागण्यावरून ठरते. शांतारामांना कंपनीत मिळेल ते काम करावे लागले. ओळखीने दार उघडले, पण आतली जागा कष्टानेच मिळवावी लागली. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये ते शेतकऱ्याच्या भूमिकेत दिसले आणि १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, धायबर, कुलकर्णी यांच्यासह त्यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली.

कधी कधी जाणता माणूस स्वतःकडे आलेल्याला दुसऱ्याकडे पाठवतो. मल्लिकार्जुन मन्सूर तरुणपणी मुंबईत अल्लादिया खाँसाहेबांना भेटले. खाँसाहेबांनी त्यांना आपले चिरंजीव मंजी खाँ यांच्या हवाली केले. १९३७ मध्ये मंजी खाँ अकाली गेले, तेव्हा मन्सूर दुसरे चिरंजीव भूर्जी खाँ यांच्याकडे शिकले. “हे मी देऊ शकेन, पण तुला त्याच्याकडून जास्त मिळेल” हे ओळखणे हा शिफारशीतला सर्वांत कसदार भाग आहे. स्वतःचे महत्त्व थोडे बाजूला ठेवल्याशिवाय तो साधत नाही.

आणि शब्द नाकारला गेला तर? १९४२ साली मास्टर दीनानाथ मंगेशकर गेले. मूळचे कोल्हापूरचे मास्टर विनायक यांनी त्या घराला आधार दिला. दीनानाथांच्या कन्या लता मंगेशकर विनायकांच्या चित्रपट कंपनीत लहान लहान कामे करीत, काही काळ कोल्हापुरात राहिल्या आणि १९४५ मध्ये कंपनीबरोबर मुंबईला गेल्या. तिथे संगीतकार गुलाम हैदर यांनी ‘शहीद’ चित्रपटाच्या वेळी निर्माते शशधर मुखर्जी यांच्याकडे त्यांचे नाव सुचवले. आवाज फार पातळ आहे, असे म्हणून मुखर्जींनी नकार दिला. मुखर्जी मोठे निर्माते, पारखी माणूस. त्यांच्या काळात नायिकेचा आवाज जाड असायचा, त्या मोजपट्टीने ते चूक नव्हते. गुलाम हैदरांनी वाद घालत बसण्याऐवजी आपल्या ‘मजबूर’मध्ये त्याच मुलीला गायला दिले. चित्रपट १९४८ मध्ये आला आणि वर्षभरात मोजपट्टीच बदलली. ज्याच्या शब्दामागे स्वतःची कृती असते, त्याला नकाराने फारसा फरक पडत नाही.

५. जाहिरात वेगळी, शिफारस वेगळी

बाबूराव पेंटर आपल्या चित्रपटांची पोस्टर स्वतः रंगवत. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चे पोस्टर आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट-पोस्टरांत गणले जाते. रस्त्याने जाणारा माणूस थबकावा, चित्रपटाचा विषय आणि थाट त्याला एका नजरेत कळावा, एवढ्यासाठी त्यावर मेहनत केलेली असे. पोस्टरही “हे पाहा” असेच सांगते. मग ते शिफारस का नव्हे?

फरक हितसंबंधाचा आहे. पोस्टर लावणाऱ्याला तिकीट विकायचे असते आणि ही गोष्ट पाहणाऱ्याला ठाऊक असते, म्हणून त्यात फसवणूक नाही. पोस्टर उत्तम कला असू शकते. बाबूरावांचे तसे होतेही. अडचण सुरू होते ती जाहिरात शिफारशीचा वेष घेते तेव्हा. मोबाइलच्या पडद्यावर एखादी व्यक्ती मैत्रिणीच्या सुरात साडी, दागिना, चित्रपट सुचवते आणि त्यामागे पैसे घेतलेले असतात. भारतातल्या जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये अशा मजकुरावर तो जाहिरात असल्याचे स्पष्ट लिहिण्याचे नियम केले, ते याच कारणाने. पैसे घेणे हा गुन्हा नाही. ते लपवल्याने ऐकणाऱ्याचा अंदाज चुकतो. घरगुती पातळीवरही हाच नियम पाळावा. नाटकात आपला भाचा काम करत असेल, तर तिकीट खपवताना ते आधी सांगावे. ऐकणारा मग आपल्या परीने सूट देऊन ऐकतो आणि बहुधा नाटकालाही येतो.

६. वस्तू सुचवताना: कोल्हापुरी चप्पल

वस्तूच्या शिफारशीत एक गोष्ट जास्तीची लागते: तिची खोड सांगणे. कोल्हापुरात आलेल्या पाहुण्याला चप्पल लाइनीत नेऊन “ओरिजनल घ्या” असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ओरिजनल म्हणजे काय, हे हातात जोड घेऊन दाखवणारा क्वचित.

जोड उचलून पाहावा. त्याला वजन असते, कारण तळ चामड्याचे थर एकावर एक ठेवून केलेला असतो. हे चामडे वनस्पतिजन्य पद्धतीने, बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावलेले असते. नाकाशी नेल्यावर कमावलेल्या कातड्याचा वास येतो; रेक्झिनला तो नसतो. तळाची कड पाहावी. परंपरागत जोडात थर चामड्याच्याच वादीने शिवलेले असतात, खिळा मारलेला नसतो, आणि टाके कडेने ओळीत दिसतात. मग पट्ट्याकडे यावे. पट्ट्यावरची वेणी बारीक चामडी दोऱ्यांची हाताने विणलेली असते. बोट फिरवले तर दोन्ही पायांच्या वेणीत थोडा फरक लागतो. यंत्राने उठवलेल्या नक्षीत तो लागत नाही. कापशी, पायताण, कचकडी, बक्कलनाली, पुकरी असे हिचे घाट आहेत आणि ते एकमेकांपासून सहज ओळखता येतात.

एवढे गुण सांगून झाल्यावर खोडी सांगाव्यात. नवी चप्पल चावते. अंगठ्याशी आणि पट्ट्याखाली पहिले काही दिवस पाय सोलवटतो. तेल लावून, रोज थोडा थोडा वेळ घालून ती पायाला बसवावी लागते. पावसात घालू नये, चामडे पाणी पिऊन फुगते. दिवसभर डांबरी रस्त्यावर भरभर चालणाऱ्याला सपाट तळ सोसेलच असे नाही. खोडी सांगितल्याने विक्री कमी होईल असे वाटते. प्रत्यक्षात न सांगितल्याने जास्त नुकसान होते. जुलै महिन्यात नेलेला जोड आठवड्यात भिजून वाकडा झाला, की घेणारा “कोल्हापुरी टिकत नाही” असे चार जणांना सांगतो. त्याला ऋतू सांगितला असता, तर तोच जोड त्याने काही वर्षे वापरला असता.

किमतीविषयीही बोलले पाहिजे. ढोर समाजाने कातडे कमवायचे, चर्मकार समाजाने चप्पल बांधायची, घरातल्या बायकांनी वेण्या विणायच्या, इतक्या हातांतून हा जोड येतो. “घासाघीस करा, निम्म्यात देतात” असा सल्ला पाहुण्याला देणे ही वस्तूची शिफारस नव्हे. तो कारागिराच्या मजुरीवर मारलेला हात आहे.

७. मूळ कोणाचे?

शिफारस पुढे पुढे जाते तसे मूळ नाव गळत जाते. २०२५ च्या जूनमध्ये मिलान शहरात प्राडा या इटालियन कंपनीने पुरुषांच्या कपड्यांचा नवा संग्रह दाखवला. त्यात कोल्हापुरीसारखीच दिसणारी चप्पल होती, पण ती कोठून आली याचा उल्लेख नव्हता. कोल्हापुरी चपलेला महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन आहे. म्हणजे हे नाव त्या प्रदेशातल्या त्या पद्धतीच्या मालालाच लावता येते. महाराष्ट्रातून जोरदार आक्षेप गेला, तेव्हा ही रचना भारतीय पारंपरिक पादत्राणांवरून सुचल्याचे कंपनीने मान्य केले. त्याच वर्षाच्या अखेरीस दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांबरोबर इथेच मर्यादित जोड बनवण्याचा करारही झाला.

जगासमोर एखादा घाट नेणे ही त्याची मोठी शिफारसच असते. नावाविना ती केली, की कौतुक एकाच्या पदरात पडते आणि कौशल्य दुसऱ्याचे असते. छोट्या व्यवहारातही हे घडते. एखादे पुस्तक आपल्याला कोणी दिले, गाणे कोणी ऐकवले, हे पुढे सांगताना त्या माणसाचे नाव घ्यावे. ऐकणाऱ्याला त्यातून एक जाणता माणूसही मिळतो.

८. यंत्र कसे सुचवते?

आज पुष्कळ शिफारशी संगणकाकडून येतात. त्यामागचे मूळ गणित सोपे आहे. समजा, तीन वाचकांच्या नोंदी आहेत. पहिल्याने ‘ययाति’, ‘मृत्युंजय’ आणि ‘स्वामी’ वाचली. दुसऱ्याने ‘ययाति’, ‘मृत्युंजय’ आणि ‘झोंबी’. तिसऱ्याने ‘झोंबी’ एकटीच. आता चौथा येतो, त्याने फक्त ‘ययाति’ वाचली आहे. यंत्र ‘ययाति’ वाचलेले दोघे शोधते. त्या दोघांनीही ‘मृत्युंजय’ वाचली, ‘स्वामी’ आणि ‘झोंबी’ मात्र एकेकानेच. म्हणून चौथ्याला ‘मृत्युंजय’ सुचवली जाते. तिघांच्या जागी लाखो वाचक घेतले, तरी तत्त्व हेच राहते. हा अंदाज सुधारण्यासाठी नेटफ्लिक्स कंपनीने २००६ मध्ये स्पर्धा लावली आणि अचूकता दहा टक्क्यांनी वाढवणाऱ्या गटाला २००९ मध्ये दहा लाख डॉलर दिले. काम किती मोलाचे मानले जाते, ते यावरून दिसते.

यंत्राची ताकद पाठांतराची आहे. कोणत्याही ग्रंथपालाला लाखो वाचकांच्या नोंदी लक्षात राहणार नाहीत. त्याची उणीवही याच उदाहरणात दिसते. चौथ्याला ‘ययाति’ आवडली की त्याने कंटाळून सोडली, आणि आवडली तर रचनेसाठी की भाषेसाठी, हे यंत्राला वाचलेल्याच्या नोंदीवरून कळत नाही. दुसऱ्या विभागातल्या चार वाटा त्याच्या दृष्टीने एकच. शिवाय जे आधीच पुष्कळांनी वाचले तेच पुन्हा पुढे येते. अनवट राग गाणारा, छोट्या गावातला चित्रकार, कमी प्रती निघालेला कवितासंग्रह मागेच राहतो.

माणसाच्या शिफारशीत एक सोय आहे जी वापरली जात नाही: परतीचा निरोप. सुचवलेले पुस्तक वाचून झाल्यावर “आवडले” किंवा “जमले नाही” एवढे कळवून भागत नाही, कुठे जमले नाही ते सांगावे. “मृत्युंजय लांबली असे वाटले” हे ऐकल्यावर सुचवणाऱ्याला पुढच्या वेळी आटोपशीर पुस्तक निवडता येते. सुचवणाऱ्यानेही न आवडण्याचा राग धरू नये. दोन-तीन फेऱ्यांत दोघांनाही एकमेकांची आवड कळते आणि पुढे उलटप्रश्नाचीही गरज उरत नाही.

यंत्र सर्वांत जास्त अडते ते अगदी नव्या कामापाशी. दसरा चौकातल्या राजर्षी शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात एखाद्या तरुण चित्रकाराचे पहिले प्रदर्शन लागते, तेव्हा त्याच्या नावे कसलीच नोंद नसते. पाहणारे थोडे, विकलेली चित्रे त्याहून थोडी. अशा वेळी आधी पाहून आलेल्या माणसाचा शब्द हीच एक वाट असते. त्याने दुसऱ्याला कळवताना दालनाचे नाव आणि वेळ सांगावी, कोणत्या भिंतीवरचे कोणते चित्र पाहायचे ते सांगावे, रंग जलरंग आहेत की तैलरंग, विषय काय, आपल्याला कुठे थांबावेसे वाटले आणि कुठे हात कच्चा वाटला, तेही सांगावे. प्रदर्शन थोड्याच दिवसांचे असते, त्यामुळे हा निरोप पाहून आल्या संध्याकाळीच दिलेला बरा.